मातीतल्या जिवाणूंची संयुगे: प्रतिकारशक्ती दाबणारी की वळण लावणारी?

सूक्ष्मदर्शी
रॅपामायसिन आणि टॅक्रोलिमस ही दोन्ही औषधे मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूंनी दिली. पाठ्यपुस्तकात दोघांवर एकच शिक्का असतो, 'प्रतिकारशक्ती दाबणारी'. माझ्या मते हा शिक्का अर्धवट आहे. तेच संयुग किती प्रमाणात, किती दिवस आणि कोणत्या पेशीवर पडते, यावर परिणाम उलटासुद्धा होतो. मग यांना दाबणारी म्हणायचे की नियमन करणारी?

तीन गोष्टींवर चर्चा व्हावी. एक, खरोखर जिवाणूंपासून आलेली संयुगे कोणती आणि ती नेमकी कुठे बसतात? दोन, मातीच्या अर्कातून असे संयुग शोधताना फसगत कुठे होते? तीन, मातीत हात घातल्याने असे काही होते का? कृपया आकडे आणि कृती देऊन लिहा, 'असे म्हणतात' नको.

खलबत्ता
यादीत सायक्लोस्पोरिन राहिले की!

तळटीप
@खलबत्ता, ते मातीतलेच, पण बुरशीचे. नॉर्वेतल्या हार्डांगरविडा पठारावरच्या मातीतून १९६९ मध्ये आलेली टोलीपोक्लॅडियम ही बुरशी. मायकोफेनोलिक आम्लही बुरशीचेच, पेनिसिलियमचे. जिवाणूंची यादी वेगळी: रॅपामायसिन (सिरोलिमस), टॅक्रोलिमस, अॅस्कोमायसिन आणि त्यापासून बनवलेले पिमेक्रोलिमस, बॅसिलसपासून मिळालेल्या स्परग्वालिनवरून केलेले गस्पेरिमस. उलट्या दिशेने, म्हणजे प्रतिसाद वाढवण्यासाठी वापरले गेलेले बेस्टाटिनही स्ट्रेप्टोमायसिसचेच. एरिथ्रोमायसिनच्या घराण्यातले अॅझिथ्रोमायसिन जिवाणू मारण्यापलीकडे न्यूट्रोफिलजन्य दाहही कमी करते. म्हणून फुप्फुसांच्या काही जुनाट आजारांत ते महिनोन्महिने देतात.

टीपेशी
पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण पुढची सगळी चर्चा त्यावर उभी आहे.

रॅपामायसिन आणि टॅक्रोलिमस पेशीत शिरून आधी एकाच प्रथिनाला चिकटतात, एफकेबीपी१२ ला. इथपर्यंत दोघे सारखे. या जोडगोळीला पुढे कोण सापडते, तिथे फरक पडतो. टॅक्रोलिमसची जोडी कॅल्सिन्युरिन या विकराला अडवते. मग जनुके चालू करणारे एनफॅट हे प्रथिन केंद्रकात जात नाही आणि आयएल-२ चे, म्हणजे टी-पेशींना (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींना) वाढायला सांगणाऱ्या संदेशरेणूचे, जनुक सुरूच होत नाही. रॅपामायसिनची जोडी एमटॉरला, म्हणजे पेशीची वाढ चालवणाऱ्या विकराला, धरते. आयएल-२ बऱ्यापैकी बनते, पण ते मिळाल्यावर पेशीने वाढायचे, विभागायचे, तो हुकूम पुढे पोचत नाही.

प्रयोगात याचा थेट उपयोग होतो. उद्दीपित टी-पेशींचे आयएल-२ २४ तासांनी मोजा, विभाजन ७२ ते ९६ तासांनी मोजा. दोन्ही पडले तर वाट टॅक्रोलिमससारखी असू शकते. आयएल-२ टिकून विभाजन पडले तर एमटॉरकडे बघा. दोन्ही औषधे एफकेबीपी१२ साठी झगडत असल्याने टॅक्रोलिमस भरपूर जास्त घातले की रॅपामायसिनचा एमटॉरवरचा परिणाम सुटतो. आयएल-२ बाहेरून देऊन ही तपासणी करता येते.

रानवारा
थोडा इतिहास, कारण तो मूळ प्रश्नाशी जोडलेला आहे. १९६४ च्या कॅनडाच्या वैद्यकीय मोहिमेने ईस्टर बेटावरून मातीचे नमुने आणले. त्यातल्या एका नमुन्यातल्या स्ट्रेप्टोमायसिसमधून मॉन्ट्रियलच्या आयर्स्ट प्रयोगशाळेत सुरेन सेहगल आणि सहकाऱ्यांनी रॅपामायसिन वेगळे केले. १९७५ साली ते बुरशीनाशक म्हणून प्रसिद्ध झाले, कँडिडावर उत्तम. १९७७ मध्ये उंदरांवरील कामात ते प्रतिकारशक्ती दाबते असे दिसले, आणि बुरशीच्या औषधासाठी तो दोषच होता. मॉन्ट्रियलचे केंद्र बंद होताना सेहगल यांनी कल्चर घरच्या फ्रीजरमध्ये जपले. १९९९ मध्ये अमेरिकेत मूत्रपिंडरोपणासाठी मान्यता मिळाली.

टॅक्रोलिमसची गोष्ट नेमकी उलटी. १९८४ मध्ये जपानच्या फुजिसावा कंपनीने त्सुकुबा भागातल्या मातीतल्या जिवाणूमधून ते काढले, तेच मुळी टी-पेशींवरचा परिणाम शोधत. एकाला जे नको होते तेच दुसऱ्याने मुद्दाम शोधले. चाळणी कोणती लावता, यावर औषध ठरते.

खलबत्ता
तळटीप, धन्यवाद. आता माझ्या बाजूचे लिहितो. मात्रेचा मुद्दा हवेतला नाही, रक्ताच्या नळीत मोजता येतो.

दोन्ही औषधे संपूर्ण रक्तात मोजायची, ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत. सीरम चालत नाही, कारण औषध लाल पेशींमध्ये जाऊन बसते. सिरोलिमसचे प्रमाण रक्तात प्लाझ्माच्या सुमारे ३६ पट असते. नमुना पुढची गोळी घेण्याआधीचा हवा. गोळी घेऊन आलेल्या रुग्णाचा आकडा वाचण्यात अर्थ नाही. रोपणानंतर टॅक्रोलिमस साधारण ५ ते १५ नॅनोग्रॅम/मिलीच्या टप्प्यात ठेवतात, पुढे हळूहळू खाली आणतात. सिरोलिमसचे अर्धायुष्य सुमारे ६२ तासांचे. त्यामुळे मात्रा बदलल्यावर दुसऱ्याच दिवशी मोजून पुन्हा मात्रा बदलणे ही नेहमीची चूक. ७ ते १४ दिवस थांबावे लागते. इम्युनोअॅसेचा (प्रतिपिंडांवर आधारलेल्या चाचणीचा) आकडा एलसी-एमएसपेक्षा (रेणू वेगळे करून वस्तुमानावरून मोजण्याच्या पद्धतीपेक्षा) वर येतो, कारण विघटित रूपेही मोजली जातात. एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीच्या लक्ष्याशी ताडू नये.

दोन्हींचे विघटन यकृत आणि आतड्यातल्या सीवायपी३ए४ या विकराने होते. क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक दिले की पातळी चढते, रिफॅम्पिसिन हे क्षयावरचे प्रतिजैविक दिले की कोसळते. गंमत म्हणजे ही दोन्हीही मातीतल्या जिवाणूंच्याच संयुगांपासून केलेली, म्हणजे भाऊबंदकी रक्तापर्यंत पोचते. व्होरिकोनाझोल हे बुरशीवरचे औषध आणि सिरोलिमस एकत्र देतच नाहीत. आणि जुलाब झाले की टॅक्रोलिमस कमी होईल असे वाटते, प्रत्यक्षात ते वाढते, कारण आतड्याच्या अस्तरातले विघटन आणि बाहेर ढकलणारा पंप दोन्ही ढिले पडतात. जुलाबाच्या रुग्णाची पातळी लगेच तपासा.

वेडाराघू
माहिती उत्तम, पण मूळ विधानाशी असहमत. 'नियमन' हा शब्द गोड आहे. सिरोलिमसवरच्या रुग्णाला तोंडात फोड येतात, जखमा भरत नाहीत, कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड चढतात, फुप्फुसाचा दाह होऊ शकतो. फुप्फुसरोपणानंतर लगेच दिल्यास श्वासनलिकेचा सांधा उसवल्याच्या घटना आहेत आणि औषधाच्या पत्रकात तसा ठळक इशाराही आहे. ज्याला संसर्ग होतो त्याला 'तुमचे नियमन चालू आहे' असे सांगायचे का?

टीपेशी
@वेडाराघू, रोपणाच्या मात्रेत ते दाबतेच, त्यावर वाद नाही. पण तीन निरीक्षणे 'दाबणे' या एका शब्दात मावत नाहीत.

पहिले: नियामक टी-पेशी, म्हणजे प्रतिसादाला आवर घालणाऱ्या ट्रेग, इतर टी-पेशींपेक्षा एमटॉरवर कमी विसंबून असतात. म्हणून कल्चरमध्ये रॅपामायसिन घातले की बाकीच्या मागे पडतात आणि ट्रेग शिल्लक राहून वाढतात. ट्रेग वाढवण्याच्या कृतीत ते साधारण १०० नॅनोमोलर घालतात ते याचसाठी. टॅक्रोलिमसने असे होत नाही, ट्रेगलाही आयएल-२ हवे असते आणि ते बनवणाऱ्या शेजारणींचेच तोंड बंद झालेले असते.

दुसरे: २००९ मध्ये उंदरांना विषाणूसंसर्गाच्या काळात कमी मात्रेत रॅपामायसिन दिल्यावर स्मृती-सीडी८ पेशी (जुना संसर्ग लक्षात ठेवून बाधित पेशी मारणाऱ्या टी-पेशी) संख्येने आणि दर्जाने वाढल्या. दाबणाऱ्या औषधाकडून ही अपेक्षा नसते.

तिसरे: २०१४ चा माणसांवरचा अभ्यास. ६५ वर्षांवरील २१८ जणांना रॅपामायसिनचे भावंड एव्हरोलिमस ६ आठवडे दिले, मग २ आठवडे बंद ठेवून फ्लूची लस. रोज ०.५ मिग्रॅ किंवा आठवड्याला ५ मिग्रॅ घेणाऱ्यांत लसीचा प्रतिसाद सुमारे २० टक्क्यांनी सुधारला. औषध थांबवून लस दिली, हा त्यातला कळीचा भाग. लोक तोच विसरतात.

वेडाराघू
आणि २०१९ मधला त्यानंतरचा तिसऱ्या टप्प्याचा अभ्यास पडला, तेही लिहा.

टीपेशी
लिहितो. पडला, हे खरे. फक्त त्यात एव्हरोलिमस नव्हते. आरटीबी१०१ नावाचे, कारखान्यात घडवलेले वेगळे संयुग होते आणि मोजमाप लसीच्या प्रतिसादाचे नव्हते, श्वसनमार्गाच्या आजाराचे होते. त्या निकालावरून २०१४ चा निकाल खोटा ठरत नाही, पण त्याच्यावर इमला चढवण्याचा अधिकारही राहत नाही.

अबोली२
निरोगी माणसे आयुष्य वाढावे म्हणून आठवड्याला एक गोळी घेतात असे वाचले. चालते का?

खलबत्ता
स्वतःच्या मनाने मुळीच नाही. २००९ च्या प्रयोगात ६०० दिवसांच्या उंदरांना रॅपामायसिन सुरू केल्यावर आयुर्मान माद्यांमध्ये १४ आणि नरांमध्ये ९ टक्क्यांनी वाढले. ते उंदीर रोगजंतूंपासून जपलेल्या पिंजऱ्यात होते. माणसाला दात काढायचा असतो, शस्त्रक्रिया होते, क्लॅरिथ्रोमायसिनचा कोर्स लागतो. त्या आठवड्यात रक्तातली पातळी कुठे जाईल, हे गोळीच्या डबीवर लिहिलेले नसते.

अगारथाळी
दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, माझे काम तिथेच. माती ५ ते १५ सेंमी खोलीवरून घ्या, वरचा पालापाचोळा बाजूला करून. आठवडाभर सावलीत वाळवा, चाळा. मग कोरड्या मातीला १०० °से वर १ तास उष्णता द्या. भराभर वाढणारे जिवाणू बरेच मरतात, स्ट्रेप्टोमायसिसचे बीजाणू पुष्कळसे टिकतात. माती ओलसर राहिली तर तेही शिजतात, म्हणून वाळवणे टाळू नका.

१ ग्रॅम माती ९ मिली निर्जंतुक सलाइनमध्ये, पुढे दहा-दहा पट विरळ करत जा. हजारपट ते लाखपट विरळ केलेले द्रावण ०.१ मिली प्रत्येकी स्टार्च-केसीन अगारवर पसरा. माध्यम लिटरमागे: स्टार्च १० ग्रॅम, केसीन ०.३, पोटॅशियम नायट्रेट २, मीठ २, डायपोटॅशियम फॉस्फेट २, मॅग्नेशियम सल्फेट ०.०५, कॅल्शियम कार्बोनेट ०.०२, फेरस सल्फेट ०.०१, अगार १८, पीएच ७.० ते ७.२. केसीन पाण्यात विरघळत नाही. आधी थोड्या सौम्य कॉस्टिक सोड्यात विरघळवा, नाहीतर गुठळ्या राहतात. ऑटोक्लेव्हनंतर ५० °से पर्यंत निवल्यावर बुरशी रोखायला सायक्लोहेक्सिमाइड ५० आणि नको ते जिवाणू रोखायला नॅलिडिक्सिक आम्ल २५ मायक्रोग्रॅम/मिली. २८ °से वर ७ ते १४ दिवस. तिसऱ्या दिवशी दिसणाऱ्या चकचकीत वसाहतींच्या मोहात पडू नका. हव्या त्या वसाहती उशिरा येतात, कोरड्या, चामड्यासारख्या, अगारमध्ये रुतलेल्या, वर खडूची भुकटी.

आता सर्वात महत्त्वाचे. सायक्लोहेक्सिमाइड हे स्वतःच स्ट्रेप्टोमायसिसचे संयुग, आणि ते टी-पेशींची प्रथिननिर्मिती थांबवते. वेगळे करण्याच्या थाळीवरचा अगारचा तुकडा तसाच पुढे गेला तर अर्क 'प्रतिकारशक्ती दाबतो', आणि दाबणारे तुम्हीच घातलेले असते. म्हणून दोनदा सायक्लोहेक्सिमाइड नसलेल्या आयएसपी-२ माध्यमाच्या थाळीवर रेघा ओढून शुद्ध करा, मगच कल्चर करा.

रानवारा
धाग्याला मातीचा वास सुटला! तो वास देणारे जिओस्मिनही स्ट्रेप्टोमायसिसचेच.

अगारथाळी
:) पुढे: २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये ५० मिलीच माध्यम, बाफल (आत वळलेल्या खाचा) असलेला फ्लास्क हवा, २८ °से, २०० ते २२० फेरे, ५ ते ७ दिवस. फ्लास्क जास्त भरला की हवा कमी पडते, गोळे होतात आणि उत्पादन बसते. रॅपामायसिन बहुतांश कवकजालातच राहते. नुसते वरचे पाणी इथाइल अॅसिटेटने काढणारे रिकाम्या हाताने परततात. गाळलेला गोळा मिथेनॉल किंवा अॅसिटोनमध्ये भिजवा, ४० °से च्या आत आटवा, उजेडापासून झाका.

रसायनी
ओळख पटवण्याबद्दल: रॅपामायसिनमध्ये ट्रायीन (ओळीने तीन दुहेरी बंध) असल्याने यूव्हीत (अतिनील प्रकाशात) २६७, २७७ आणि २८८ नॅनोमीटरवर तीन शिखरे दिसतात. टॅक्रोलिमसला हा ठसा नाही, तिथे वस्तुमानच बघावे लागते. सोडियमसह रॅपामायसिन ९३६.५ वर आणि टॅक्रोलिमस ८२६.५ वर. नुसत्या प्रोटॉनसहचे शिखर शोधत बसाल तर हातचे जाईल, ते क्षीण असते. एचपीएलसीत (मिश्रणातले रेणू स्तंभातून वेगळे करण्याच्या पद्धतीत) रॅपामायसिनचे शिखर पसरट किंवा दुभंगलेले येते, कारण एकाच रेणूची दोन रूपे एकमेकांत बदलत असतात. स्तंभ ४० ते ५० °से वर ठेवा आणि त्याला दोन नवी संयुगे समजू नका.

टीपेशी
@अगारथाळी, कच्च्या अर्कात आणखी फसगती आहेत.

रॅपामायसिन देणारा मूळ जिवाणू नायजेरिसिन आणि इलायोफिलिनही बनवतो. नायजेरिसिन पेशीतले पोटॅशियम बाहेर काढते, आणि एलपीएसने (जिवाणूंच्या आवरणातल्या रेणूने) तयार केलेल्या मॅक्रोफेज या भक्षक पेशींमध्ये एनएलआरपी३ हा दाहाचा संच पेटवून आयएल-१ बीटा हा दाह वाढवणारा संदेशरेणू ओतायला लावते. म्हणजे एकाच बाटलीतला अर्क टी-पेशींना गप्प करेल आणि मॅक्रोफेजला भडकवेल. कच्च्या अर्काला 'नियामक' म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. निदान अंशांमध्ये वेगळे केल्याशिवाय निष्कर्ष नको.

दुसरे, एलपीएस. ०.१ नॅनोग्रॅम/मिलीनेही मोनोसाइट जागे होतात. उकळून ते जात नाही, काच २५० °से वर ३० मिनिटे भाजावी लागते. पॉलिमिक्सिन बी या प्रतिजैविकाने एलपीएस झाकले जाते, पण स्ट्रेप्टोमायसिसच्या लायपोप्रथिनांवर त्याचा उपयोग नाही. ती टीएलआर२ या पेशीवरच्या ग्राहीमधून काम करतात. त्यामुळे 'पॉलिमिक्सिन घातले तरी परिणाम टिकला, म्हणजे नवे संयुग' हा तर्क चुकतो.

तिसरे, एमटीटी ही रंगाची चाचणी. ती चयापचय मोजते आणि एमटॉर अडला की चयापचय मंदावतो. जिवंत पेशी मेल्यासारख्या दिसतात. उलट स्टॉरोस्पोरिनसारखे संयुग खरेच मारते आणि विभाजन थांबलेले दिसते. अॅनेक्सिन आणि ७-एएडी या खुणांनी मेलेल्या पेशी मोजा, विभाजन सीएफएसईने (दर विभाजनाला निम्मा होणाऱ्या रंगाने) मोजा, दोन्ही एकाच नळीतून. थाळीच्या खाचेत १ ते २ लाख पेशी, निदान ३ वेगवेगळे रक्तदाते.

माळरान
हे सगळे रक्तपेशींवर करण्याआधी यीस्टवर एक स्वस्त चाळणी लागते. साधे बेकरी यीस्ट आणि त्याचाच एफपीआर१ जनुक काढलेला वाण, हे जनुक यीस्टचे एफकेबीपी१२ बनवते. दोन्हींच्या थाळ्यांवर अर्काची चकती ठेवा, ३० °से, दोन दिवस. साध्या यीस्टभोवती मोकळे वर्तुळ आणि जनुक काढलेल्यात काहीच नाही, तर एफकेबीपी१२ मार्फत काम करणारे, रॅपामायसिनसारखे संयुग आहे. दोन्हीकडे वर्तुळ आले तर निस्टॅटिनसारखे पडदा फोडणारे, नायजेरिसिन किंवा सायक्लोहेक्सिमाइड. टॅक्रोलिमस मात्र साध्या यीस्टला नेहमीच्या माध्यमात फारसे रोखत नाही, ते या चाळणीतून निसटते.

सूक्ष्मदर्शी
हे फार उपयोगी. जिवाणू न वाढवता जनुकांतून शोधता येईल का?

रसायनी
येते. रॅपामायसिन आणि टॅक्रोलिमस दोन्हींच्या साखळीत लायसिनपासून बनलेले पिपेकोलिक आम्ल गुंफलेले असते. ते बनवणारे लायसिन सायक्लोडिअॅमिनेजचे जनुक आणि शेजारी अशा रेणूंची लांब साखळी जोडणाऱ्या जनुकांचा मोठा पॉलिकीटाइड समूह, असा जोड जिनोममध्ये शोधायचा. याच वाटेने डब्ल्यूडीबी००२ हे संयुग सापडले. ते एफकेबीपी१२ ला धरून सीईपी२५० या भलत्याच प्रथिनाला चिकटते, कॅल्सिन्युरिन किंवा एमटॉरला नाही. अडचण अशी की जनुक असते, पण प्रयोगशाळेतल्या फ्लास्कमध्ये ते गप्प असते. माध्यम बदलणे, तापमान बदलणे, दुसऱ्या जिवाणूबरोबर वाढवणे, हे सगळे करून बघावे लागते.

अबोली२
तिसरा प्रश्न राहिला. बागकाम केल्याने हे सगळे मिळते का? 'मातीतला जिवाणू आनंदी ठेवतो' असे सगळीकडे फिरते आहे.

तळटीप
ते मायकोबॅक्टेरियम व्हॅकीबद्दल आहे. २०१६ च्या प्रयोगात उष्णतेने मारलेले जिवाणू, ०.१ मिग्रॅ, आठवड्याच्या अंतराने तीनदा उंदरांना टोचले. नंतर ताण दिल्यावर आतड्याचा दाह आणि भीतीची लक्षणे कमी दिसली. ट्रेग काढून टाकल्यावर संरक्षण गेले. २०१९ मध्ये त्याच जिवाणूतल्या १०(झेड)-हेक्साडेसिनोइक आम्ल या मेदाम्लाने उंदरांच्या मॅक्रोफेजमधले आयएल-६ (दाह वाढवणारा संदेशरेणू) कमी झाले, तेही पीपीएआर-अल्फा हे ग्राही प्रथिन असेल तरच. हे चांगले काम आहे, पण टोचलेले मृत जिवाणू आणि नखात गेलेली माती यांत फार अंतर आहे. माणसांत व्हॅकीची लस एचआयव्हीग्रस्तांमध्ये टांझानियात तपासली गेली, निश्चित क्षयरोग ३९ टक्क्यांनी घटला, पण शरीरभर पसरलेल्या क्षयाचे जे मुख्य उद्दिष्ट होते त्यात ठोस फरक दिसला नाही.

मातीशी थेट संपर्काचा पुरावा म्हणून फिनलंडचा २०२० चा अभ्यास बघा. ३ ते ५ वर्षांची ७५ मुले, बालवाडीच्या अंगणात जंगलातली जमीन आणि हिरवळ अंथरली. २८ दिवसांत रक्तातले आयएल-१० (दाह शमवणारा) आणि आयएल-१७ए (दाह वाढवणारा) यांचे गुणोत्तर शांततेच्या बाजूला झुकले. अॅलर्जी कमी झाली असे त्यात मोजलेले नाही.

वेडाराघू
+१. आणि रोपण झालेल्या व्यक्तीने हे वाचून मातीत हात घालू नयेत. संसर्ग करणारा नोकार्डिया जिवाणू मातीतच असतो, कुंडीच्या मिश्रणात न्यूमोनिया करणारा लेजिओनेला लाँगबीची सापडतो. ज्यांना बागकाम करायचेच आहे त्यांनी मिश्रणाची पिशवी तोंडापासून लांब उघडावी, आधी पाणी शिंपडून धूळ बसवावी, हातमोजे आणि एन९५ वापरावा, जखम झाकावी, कंपोस्ट उलथणे दुसऱ्यावर सोपवावे. निरोगी माणसाचेही धनुर्वाताचे इंजेक्शन वेळेवर झालेले असावे.

@टीपेशी, लसीचा आकडा आणि ट्रेगची गोष्ट मला पटली. 'दाबणारी' हा शिक्का रोपणाच्या मात्रेपुरता ठेवू. पण 'नियामक' हा शब्दही मात्रा आणि कालावधी लिहिल्याशिवाय वापरू नये, एवढी अट.

टीपेशी
अट मान्य.

सूक्ष्मदर्शी
मलाही मान्य. मग क्रम असा लावतो: सायक्लोहेक्सिमाइडविना दोनदा शुद्ध केलेले वाण, कवकजालाचा मिथेनॉल अर्क, यीस्टच्या दोन थाळ्या, मग अंश वेगळे करून एलसी-एमएस, शेवटी रक्तपेशींवर आयएल-२ आणि सीएफएसई. टॅक्रोलिमससारखी संयुगे यीस्टमधून निसटतात, म्हणून यीस्टवर शून्य आलेले अर्क टाकून न देता त्यांचेही आयएल-२ बघायचे. काही राहिले का?

अगारथाळी
दोन नियंत्रणे राहिली. जिवाणू न घातलेल्या माध्यमाचा अर्क, अगदी त्याच कृतीने काढलेला, कारण माध्यमात घातलेल्या सोयाबीनच्या पिठासारख्या घटकांतली संयुगेही अर्कात उतरतात आणि पेशींवर परिणाम करतात. आणि प्रत्येक खाचेत डीएमएसओ (अर्क विरघळवणारा द्रव) सारखेच, ०.१ टक्का. विरळ करताना अर्काबरोबर डीएमएसओही कमी होत गेले तर जो उतार दिसतो तो कशाचा, हे नंतर सांगता येत नाही.